साठीनंतरचा घरचा डॉक्टर: कोण निवडावा, कसा पारखावा

साठी उलटली की एकेका अवयवाला एकेक डॉक्टर लागतो. कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, निपाणीत राहणाऱ्या आजोबांचे हृदयाचे डॉक्टर कोल्हापुरात, डोळ्यांचे मिरजेत, गुडघ्याचे बेळगावात आणि ताप-खोकल्याचे गल्लीच्या तोंडाला असतात. प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते. पण गोळ्या सगळ्या एकाच पोटात जातात, आणि त्या एकत्र बघणारं कुणी नसतं. म्हातारपणी होणारा बराच त्रास या फटीतून येतो. म्हणून आधी सगळ्या चिठ्ठ्या ज्याच्या हाताखालून जातील असा एक घरचा डॉक्टर ठरवा. बाकीचे तज्ज्ञ त्यानंतर.

कुठल्या पदवीचा डॉक्टर कुणाला

बीपी, शुगर किंवा थायरॉइड आहे, पण माणूस हिंडता-फिरता आहे आणि रिपोर्ट स्थिर आहेत, तर अनुभवी एमबीबीएस डॉक्टर पुरतात. फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी केलेले कुणी जवळ असतील तर उत्तमच, कारण एकाच माणसाचे अनेक आजार एकत्र सांभाळणं हाच त्यांच्या शिक्षणाचा विषय असतो.

अटॅक किंवा लकवा येऊन गेलाय, किडनी कमजोर आहे, इन्सुलिन चालू आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे किंवा वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलंय, अशा वेळी घरचा डॉक्टर एमडी मेडिसिन असलेला बरा. आपल्याकडे यांनाच फिजिशियन म्हणतात. हृदयाच्या तज्ज्ञाला घरचा डॉक्टर करू नका. ते हृदय चोख बघतील, पण बद्धकोष्ठ, झोप आणि पायाच्या मुंग्यांसाठी त्यांच्या ओपीडीत वेळ नसतो.

वारंवार पडणं, विसराळूपणा वाढणं, कपड्यात लघवी होणं, कारण नसताना वजन घटणं (सहा महिन्यांत साठ किलोचे सत्तावन्न झाले तरी ते दखल घेण्याजोगं आहे), यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसू लागल्या तर वृद्धरोगतज्ज्ञ, म्हणजे जेरियाट्रिक्सचे डॉक्टर गाठावेत. ते थोडे आहेत आणि मोठ्या शहरांतच सापडतात. दर महिन्याला जायची गरज नाही. वर्षातून एक-दोनदा पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि त्यांनी आखलेलं घरच्या डॉक्टरांनी पुढे चालवावं. वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या ओपीडीची तरतूद आहे. बेळगावच्या बिम्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मोठ्या दवाखान्यात, केसपेपर काढतानाच तिची चौकशी करा.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, जवळचा डॉक्टर बहुधा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. बीपी मोजणं, जखमेचं ड्रेसिंग, ‘आता थांबू नका, बेळगावला न्या’ हे वेळेवर सांगणं, ही त्यांची मदत मोठी आहे. मात्र इन्सुलिनचं युनिट ठरवणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किडनीच्या रिपोर्टवरून डोस बदलणं, हे एमबीबीएस किंवा एमडीच्याच हाती असू द्या. तुमचं शिक्षण कुठल्या पद्धतीचं, हे विचारण्यात संकोच नको. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्याही सोडू नका.

पहिल्या भेटीत काय बघायचं

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. मेडिकलमधून विचारून आणलेली पेनकिलर, आयुर्वेदिक चूर्ण, भस्म, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी, सगळं. चांगला डॉक्टर पिशवी टेबलावर रिकामी करतो, पाकीट उलटं करून आतलं औषधाचं नाव वाचतो आणि निदान एखादी गोळी बंद तरी करतो किंवा बंद का करता येत नाही ते सांगतो. पिशवीकडे न बघताच नवी चिठ्ठी लिहायला घेतली तर दुसरा डॉक्टर शोधा.

या पिशवीत नेमकं काय सापडतं? कोल्हापूरच्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन आणि ॲमलोडिपीन ही बीपीची औषधं एकत्र असलेली गोळी असते. गावच्या चिठ्ठीत दुसऱ्या कंपनीच्या नावाने नुसतं ॲमलोडिपीन असतं. नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू राहतात आणि पाय सुजतात. सूज बघून तिसरा डॉक्टर लघवीची गोळी देतो. आता आजी रात्री चार वेळा उठतात, सोडियम उतरतं, अंधारात तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मूळ दोष एका जादा गोळीचा, पण कागदावर चार वेगळे आजार दिसतात.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर रोज चालू असेल, जोडीला टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळीही असेल, तर हे त्रिकूट किडनीला फार जड जातं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) न बघता पेनकिलर महिनोन्‌महिने चालू ठेवणारा डॉक्टर म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगाचा नाही. मधुमेहात ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांबद्दलही विचारा. जेवण चुकलं की शुगर एकदम खाली येते, घाम सुटतो, माणूस बरळतो, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे भ्रम झाला. सत्तरी-पंचाहत्तरीच्या अशक्त माणसाची तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टवर HbA1c) आठच्या आसपास राहिली तरी बऱ्याचदा चालतं. ती सातच्या खाली आणायचा हट्ट का, हा प्रश्न डॉक्टरांना रास्त वाटला पाहिजे.

बीपी बसवून मोजतात तसं उभं करूनही मोजतात का, याकडे लक्ष ठेवा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना पडायचा धोका आहे आणि गोळ्यांचा डोस बघायला हवा. आणखी एक सोपी चाचणी घरीही होते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालून वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर ते डॉक्टरांना सांगा.

सलाईनचंही बोलायला हवं. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची जुनी मागणी. हृदय कमजोर असेल तर तेच पाणी फुफ्फुसात उतरून रात्री धाप लागते. आपण मागितलं तरी कारण विचारून नाही म्हणणारा डॉक्टर जपून ठेवावा. आणि फ्लू-न्यूमोनियाच्या लसींचा विषय त्यांनी स्वतःहून काढला तर तेही चांगलं लक्षण.

भाषा

घेरी येणं म्हणजे घर फिरल्यासारखं होणं. डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. पहिल्यात बऱ्याचदा कानाचा दोष निघतो, दुसऱ्यात बीपी उतरल्याचा संशय घ्यावा लागतो. ‘चक्कर’ म्हटलं की दोन्ही एकाच डब्यात जातात. छातीत जळजळ, छातीत कळ आणि छाती दाबल्यासारखी होणं हेही तीन निराळे प्रकार. सत्तर वर्षं मराठीत दुखणं सांगितलेल्या आजींना हा फरक कन्नडमध्ये किंवा हिंदीत सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांना मराठी समजतं का, हा निवडीचा मोठा मुद्दा आहे. बेळगावात बहुतेकांना ते समजतं. समजत नसेल तर कन्नड नीट बोलणारं घरचं माणूस सोबत न्या आणि निदान तीन शब्द पाठ असू द्या: तले सुत्तु म्हणजे चक्कर, एदे नोवु म्हणजे छातीत दुखणं, गुळिगे म्हणजे गोळी. औषधाच्या पाकिटावर कन्नड लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे पेनने सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून घ्या. ऐकू कमी येत असेल तर तोंडाकडे बघून, सावकाश बोलणारे डॉक्टर निवडा. मुलाशीच बोलून आजोबांना वगळणारे नकोत.

जागा, वेळ, पैसा

दवाखाना अर्ध्या तासाच्या आत असावा. पहिल्या मजल्यावर लिफ्ट नसलेला दवाखाना आज चालेल, गुडघे गेल्यावर नाही. डॉक्टर गावाला गेले तर कोण बघतं, फोनवर बोलतात का, गरज पडली तर घरी येतात का, हे आधीच विचारून ठेवा. खानापूरच्या घाटभागात पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून मे संपायच्या आत नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या जास्त घरात असाव्यात.

आयुष्मान-आरोग्य कर्नाटक योजनेत खासगी मोठ्या दवाखान्यात उपचार घ्यायचे तर तातडीची वेळ सोडून सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. घरच्या डॉक्टरांना ही वाट माहीत असली की दोन दिवस वाचतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घेण्याचं जाहीर केलं. कोल्हापुरात ॲडमिट व्हायच्या आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर आपल्या गावाचं विचारून घ्या. या योजना ॲडमिट होण्यासाठी आहेत. दर महिन्याची फी आणि गोळ्या खिशातूनच जातात, तिथे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं जनऔषधी केंद्र उपयोगी पडतं.

डॉक्टर बदलायचे ठरले तर जुनी फाइल, शेवटचा ईसीजी आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊनच निघा. जुन्या गोळ्या मधल्या दिवसांत स्वतः बंद करू नका. मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गोळी एकदम थांबवली तर ठोके वाढून छातीत दुखू शकतं. सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि कशाची ॲलर्जी आहे ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, खाली घरच्या डॉक्टरांचा नंबर आणि १०८ लिहा. रात्री ॲम्ब्युलन्स येते तेव्हा आत्तापर्यंतचं सगळं माहीत असलेला मुलगा पुण्यात किंवा गोव्यात नोकरीला असतो.