घोड्याची जीन उतरवण्याची वेळ : दोघांची संध्याकाळची प्रार्थना कशी चालवावी

लग्नानंतर रोज एकत्र प्रार्थना करायची असे बहुतेक ख्रिस्ती जोडपी ठरवतात, आणि त्यांतील पुष्कळांचा हा नेम पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. आमचा नऊ दिवस टिकला. मी तासाभराचा कार्यक्रम आखला होता : एक गीत, एक पूर्ण अध्याय, त्यावर माझे विवेचन आणि शेवटी दोघांची प्रार्थना. दहाव्या दिवशी माझे विवेचन रंगात आले असताना पत्नी म्हणाली, ‘‘अहो, उपदेश मी रविवारी ऐकते. आत्ता मला कणीक मळू द्या.’’ त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या घरात एकत्र प्रार्थना झाली नाही. पुढे जी पद्धत बसली ती पंधरा मिनिटांची आहे आणि ती मला काहीशा अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतील गुराख्यांच्या दिनक्रमात, सापडली.

लहानपणी इंदूरच्या चित्रपटगृहांत पाहिलेला काउबॉय एकटा असे, कमी बोले आणि जास्त गोळ्या झाडी. खरा काउबॉय पगारी गुराखी होता. १८६६ पासून साधारण वीस वर्षे टेक्ससमधील गुरांचे कळप उत्तरेला, मुख्यतः कॅन्ससच्या, रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेले जात. दोन-अडीच हजार गुरांमागे दहा-बारा माणसे असत आणि दिवसाला पंधरा ते पंचवीस किलोमीटर चाल होई. त्यांच्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते. या कामाची बरीचशी रीत आणि शब्द मेक्सिकोच्या गुराख्यांकडूनच आले. काटेरी तार, रेल्वेचे वाढते जाळे आणि १८८६-८७ चा जीवघेणा हिवाळा यांनी तो काळ संपवला. गंमत अशी की आमच्या इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज स्थापन झाले. म्हणजे तिकडे ते कळप चालत होते, त्याच वर्षांत इकडे माळव्यात मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहत होती. हे सगळे गुराखी मोठे धार्मिक होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कामाला शिस्त होती आणि ती शिस्त आपल्या उपयोगाची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इंदूरच्या मराठी माणसाला घोडा आणि कळप परके वाटण्याचेही कारण नाही. होळकरांच्या दौलतीचा पाया घालणारे मल्हारराव (१६९३–१७६६) धनगराच्या घरात जन्मले आणि मेंढरांमागून घोड्यावर आले. जीन, तंग (जीन आवळणारा पोटपट्टा), रिकीब (स्वाराने पाय ठेवायची कडी), तोबरा, खरारा, पागा हे सगळे शब्द मराठीत आधीपासून नांदत आहेत. नव्याने आलेला असा ‘काउबॉय’ हा एकच.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे येतो. घोड्यावर काम करणाऱ्या कोणत्याही माणसाचा पहिला नियम असा की मुक्कामाला पोहोचल्यावर आधी घोड्याची जीन उतरवायची, पाठ तपासायची, पाणी दाखवायचे आणि मगच स्वतःच्या ताटाकडे वळायचे. धार्मिक मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे १२:१० सांगते, त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच. जिनेखालच्या घोंगडीला एक सुरकुती पडली किंवा तिच्यात एखादे कुसळ अडकले, तर दिवसभराच्या चालीत घोड्याची पाठ सोलवटून निघते, आणि स्वाराला वरून काही दिसत नाही. म्हणून आमच्या पंधरा मिनिटांची सुरुवात गीताने होत नाही. दोघांपैकी जो नंतर घरी येतो त्याने हातपाय धुवावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि समोरच्याला एकच प्रश्न विचारावा : ‘‘आज कुठे टोचलं?’’

उत्तर बहुधा क्षुल्लक असते, आणि ते तसेच असू द्यावे. गॅसचा सिलिंडर आला नाही. नणंद फोनवर काहीतरी लागेल असे बोलली. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत पाऊण तास गाडी अडकली आणि कार्यालयात सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागले. ऐकणाऱ्याने यावर उपाय सुचवू नये, आपले म्हणणे मांडू नये आणि ‘‘एवढंच ना?’’ हे दोन शब्द तर मुळीच उच्चारू नयेत. घोंगडी उचलून पाठ पाहायची, एवढेच या वेळचे काम आहे. पुरुषांना, आणि त्यांत मला, हा भाग सर्वांत अवघड जातो. सुरुवातीचे काही महिने मी प्रत्येक तक्रारीवर तोडगा काढत असे आणि पत्नी हळूहळू ‘‘काही नाही, ठीक आहे’’ असे सांगू लागली होती.

येथे एक इशारा देणे भाग आहे, कारण घोड्याचे दृष्टान्त विवाहाच्या उपदेशात फार लवकर बिघडतात. पती म्हणजे स्वार आणि पत्नी म्हणजे लगाम लावायची घोडी, अशा थाटाचे बोलणे मी ऐकले आहे. त्याला शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार नाही. स्तोत्र ३२:९ मध्ये घोडा आणि खेचर यांच्यासारखे निर्बुद्ध होऊ नका असे जे सांगितले आहे, ते वाचणाऱ्याला स्वतःला सांगितले आहे. आणि याकोब ३:३ मध्ये घोड्याच्या तोंडातल्या लगामाचा दाखला जिभेसाठी, प्रत्येकाच्या आपल्या जिभेसाठी, आला आहे. इफिस ५ मधले पत्नीविषयीचे वचन ज्यांना पाठ असते त्यांना त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन राहण्याचे २१ वे वचन बहुधा आठवत नाही. आमच्या घरात घोडा म्हणजे दोघांना पाठीवर घेऊन चालणारा संसार, आणि त्याची पाठ तपासण्याचे काम दोघांचे. जेथे मारहाण किंवा धमकी आहे तेथे मात्र ही पद्धत लागू नाही. तेथे आधी सुरक्षित जागी जावे, महिलांसाठीच्या १८१ किंवा तातडीच्या ११२ या क्रमांकावर मदत मागावी, आणि ‘‘प्रार्थना करा, सहन करा’’ असा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे.

‘टोचण्याची’ विचारपूस पाच मिनिटांत होते. त्यानंतर शास्त्रवाचन. अध्याय पुरा करण्याचा हव्यास धरू नये. मार्काचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे; रोज सहा-सात वचने वाचली तर ते साधारण साडेतीन महिने पुरते आणि गोष्टीचा धागाही सुटत नाही. एके दिवशी पतीने वाचावे, दुसऱ्या दिवशी पत्नीने. जो वाचतो त्याने अर्थ सांगायचा नाही. जो ऐकतो त्याने आपल्या मनात अडकलेला एखादा शब्द किंवा प्रसंग बोलून दाखवायचा. आमच्याकडे मंडळीची उपासना हिंदीत होते आणि घरातले बोलणे मराठीत, म्हणून वाचन आम्ही जाणूनबुजून मराठीतच ठेवले आहे. ज्या भाषेत माणूस भांडतो त्याच भाषेत त्याने वचन ऐकलेले बरे.

प्रार्थना तीन-चार वाक्यांची असावी, आणि प्रत्येकाने ती स्वतःच्या कुसळासाठी न करता दुसऱ्याच्या कुसळासाठी करावी. तिने सांगितलेले नणंदेचे बोलणे मी देवापुढे ठेवायचे आणि माझे कार्यालय तिने. यामुळे ऐकताना लक्ष द्यावेच लागते, कारण पाच-सहा मिनिटांनी तेच आपल्या तोंडून जायचे असते. लांबलचक, अलंकारिक प्रार्थना ही खोगीरभरती होय. ती रविवारीही फारशी लागत नाही.

ज्यांचे लग्न ठरले आहे अशा मुलामुलींना आम्ही घरी बोलावतो, तेव्हा उपदेश न करता त्यांच्या हाती सुतळी देतो. उपदेशक ४:१२ मधली तीनपदरी दोरी, म्हणजे पती, पत्नी आणि देव, सर्वांना ठाऊक असते, पण ती वळलेली कोणी नसते. हाताच्या लांबीचे तीन तुकडे घ्यावेत, त्यांची टोके एकत्र गाठ मारून खिडकीच्या गजाला बांधावीत आणि प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ देत राहावे, तो स्वतःभोवती गुंडाळू लागेपर्यंत. मग पीळ सुटू न देता तिन्ही पदर शेजारी आणून एकत्र डावीकडे वळावेत. पदरांचा पीळ एका दिशेने उलगडू पाहतो आणि दोरीचा पीळ दुसऱ्या दिशेने, म्हणून दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. मुलगा आपला पदर उत्साहाने पिळतो, मुलगी आपला पिळते, आणि तिसऱ्या पदराची आठवण दोघांनाही बहुतेक वेळा शेवटी होते. तो पीळ न देता तसाच गुंफला तर दोरी फुगीर होते आणि ओढल्याबरोबर तोच पदर ढिला पडून बाहेर डोकावतो. यावर आम्ही काही बोलत नाही. दोरी त्यांना घरी नेऊ देतो.

याच बैठकीत तंगाची गोष्टही सांगतो. जीन चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवून ठेवतात. तंग घट्ट बसला असे वाटते आणि रिकिबीत पाय ठेवताच जीन फिरून स्वार खाली येतो. म्हणून जाणता माणूस तंग कसतो, घोड्याला दहा-वीस पावले चालवतो आणि पुन्हा एकदा कसतो. वेदीपुढे दिलेल्या वचनांचेही तसेच आहे. पगार कोणाकडे राहणार, आईवडिलांची जबाबदारी कशी वाटून घ्यायची, रविवारी कोणत्या मंडळीत जायचे, हे लग्नाआधी ठरलेले असले तरी सहा महिन्यांनी दोघांनी बसून पुन्हा ठरवावे. त्यात कोणाचे वचन मोडत नाही.

भांडणाच्या दिवशी काय करावे हा प्रश्न हमखास येतो. विजेच्या कडकडाटाने रात्री कळप उधळला, तर गुराखी त्याच्या समोर आडवा उभा राहत नसे. तसे करणारा तुडवला जाई. तो आघाडीच्या गुरांच्या बाजूने घोडा दौडवी आणि त्यांना एकाच अंगाने दाबत दाबत वळवी, जोपर्यंत सगळा कळप स्वतःभोवती गोल फिरू लागून दमत नाही. भडकलेल्या माणसासमोर मुद्दे घेऊन उभे राहणे याला मी आता ‘कळपापुढे उभे राहणे’ म्हणतो. त्याच्या बाजूने चालावे; ‘‘हो, ते मी बोललो, आणि ते लागलं असणार’’ एवढे म्हणावे; बाकीचे उद्या. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा असे इफिस ४:२६ म्हणते, त्याचा अर्थ वाद रात्रीच मिटवून निकाल लावा असा आम्ही घेत नाही. राग सोडता येतो आणि वाद शनिवारपर्यंत ठेवता येतो. अशा दिवशी विचारपूस आणि वाचन दोन्ही गाळावे आणि प्रभूची प्रार्थना तेवढी एकत्र म्हणावी. ती म्हणताना आवाज ताठ असला तरी चालतो.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर? २ करिंथ ६:१४ मधल्या विजोड जुवाचा इशारा लग्न ठरवणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा, पण लग्न झालेल्यांच्या डोक्यात तो घालू नये. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे कोणताही दोर लावून ओढून कमी करता आली नसती. अशा घरात ‘‘आज कुठे टोचलं?’’ हा प्रश्न विचारायला कोणत्याही धर्माची अट नाही. वाचन आणि प्रार्थना आपण आपल्यापुरती, न लपवता आणि न लादता करावी.

मुलांविषयी थोडेच. मोकळ्या कुरणात गुरे गोळा करताना वासरू कोणाचे हे ठरवायला गुराखी एकच खूण मानत : ते कोणत्या गाईच्या मागे चालते ते पाहायचे आणि त्या गाईचा डाग, म्हणजे मालकाची खूण, त्याला द्यायचा. मुलांना प्रार्थनेला बसण्याची सक्ती आम्ही केली नाही. खोलीचे दार उघडे ठेवले. धाकटी सात वर्षांची असताना एकदा आतून ओरडली, ‘‘बाबा, आज आईला कुठे टोचलं ते विचारलंच नाही तुम्ही!’’

नेम चुकणारच, हे आधीच धरून चालावे. सराफ्यात, रात्री खाण्यापिण्याने गजबजणाऱ्या बाजारात, पाहुण्यांना खाऊ घालून परतायला साडेअकरा होतात, त्या रात्री आम्ही जिन्यात चपला काढता काढता दोन वाक्यांत उरकतो. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसू नये. भरपाई सुरू झाली की नेम मोडतो. रात्रीच्या पहाऱ्यावरचे दोन गुराखी कळपाभोवती उलट दिशांनी फेऱ्या घालीत आणि गुरे बिथरू नयेत म्हणून संथ लयीत गात, पुष्कळदा लहानपणी ऐकलेली उपासनेची गीतेच. दोन तासांनी झोपेतून उठवलेली दुसरी जोडी त्यांची जागा घेई. आमच्याकडे मला ताप असला की पत्नी एकटी वाचते, आणि तिची परीक्षेच्या पेपर तपासणीची घाई असली की मी. दुसऱ्याने पडल्यापडल्या ऐकले तरी पुरे.

शेवटी उद्याची तयारी. या कळपांबरोबर स्वयंपाकाची गाडी असे. तशी पहिली गाडी चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये तयार करून घेतली. झोपण्यापूर्वी स्वयंपाकी त्या गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरलेले असले तरी उत्तर कोठे ते कळे. आमच्या घरी प्रार्थना संपली की शास्त्रातली फीत उद्याच्या वचनांवर सरकवली जाते, आणि त्यावर एक चिठ्ठी ठेवली जाते : उद्या कोणाला भेटायचे, कोणाची माफी मागायची, कोणाचे पैसे परत करायचे, यांतली एकच गोष्ट. काल रात्रीच्या चिठ्ठीवर पत्नीने लिहिले होते, ‘‘सिलिंडरवाल्याला फोन, तुम्ही करायचा, आणि नीट बोलायचं.’’