पीजीत किंवा शेअरिंग फ्लॅटमध्ये राहताय? आगीच्या बाबतीत या चुका टाळा

जून-जुलै आला की नवी मुंबईत नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली, खारघरमधले रिकामे फ्लॅट भरायला लागतात. लातूर, बीड, सातारा, जळगावहून मुलं-मुली येतात. वन बीएचकेत सहा कॉट पडतात, हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन उभं राहतं. फ्लॅट बघायला आलेले आईवडील पाणी किती वेळ येतं, डबा कुठून मिळतो, स्टेशन किती लांब, डिपॉझिट किती हे सगळं बारकाईने विचारतात. रात्री दोन वाजता आग लागली तर या घरातून बाहेर कसं पडायचं, हे मात्र फार क्वचित कुणी विचारतं. मी सोसायटीच्या कमिटीचं काम बघतो, त्यामुळे असे फ्लॅट आतून बघायला मिळतात. चुका जवळपास सगळीकडे त्याच दिसतात.

बाहेर पडायचा रस्ताच कुलपात

सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या सगळ्या हिच्यानंतर.

आपल्याकडे खिडकीला बॉक्स ग्रिल असतंच. चोराची भीती, वर कपडे वाळत घालायची सोय आणि थोडी जागाही वाढते. पण बहुतेक ग्रिलना उघडणारी खिडकी नसते. जिथे असते तिथे कुलूप गंजलेलं असतं किंवा किल्ली मालकाकडे असते, आणि मालक राहतो डोंबिवलीला. मुलींच्या पीजीत तर रात्री अकरानंतर खालचं जाळीचं गेट बंद होतं आणि किल्ली पीजी चालवणाऱ्या काकूंच्या उशाशी जाते. हेतू सुरक्षेचाच असतो, पण धूर भरलेल्या अंधारात कुलूप शोधून त्यात किल्ली घालणं किती अवघड असतं, ते दिवे घालवून आणि डोळे मिटून एकदा करून बघा.

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला इमारतीत आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर क्लासला बसलेल्या मुलांना खाली उतरायला रस्ता उरला नाही. काहींनी खिडकीतून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. क्लास असो की पीजी, दाटीवाटीच्या जागेत पहिला प्रश्न रस्त्याचाच असतो.

मग करायचं काय? दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी किंवा लॅच हवं. कुलूप लावणं भागच असेल, तर किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, रोज त्याच जागी. ती खिशात नको आणि कुणा एकीच्या पर्समध्येही नको. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एका ग्रिलला उघडणारा भाग मालकाकडून करून घ्या. ग्रिलवाला अर्ध्या दिवसात बसवून देतो. असा भाग आधीच असेल तर महिन्यातून एकदा उघडून बघा आणि बिजागरीला तेल सोडा. गॅलरीतली ग्रिल कुंड्या, सुटकेस आणि जुन्या गाद्यांनी भरली असेल तर ती आजच रिकामी करा.

पार्टिशनचाही विचार करा. प्लायच्या आडोशामुळे आतल्या खोलीत झोपणाऱ्याला बाहेर यायला स्वयंपाकघरावरून यावं लागत असेल, तर आग नेमकी तिथेच लागण्याची शक्यता जास्त. अशी खोली भाडं कमी असलं तरी घेऊ नका. दाराबाहेरच्या पॅसेजमधला चपलांचा स्टँड, सायकली, पाण्याचे वीस लिटरचे जार हे सगळं धुरात पायात येतं.

धूर दिसला की जिन्याने खाली धावणं

आपल्या भागातल्या जुन्या इमारतींत, सिडकोच्या चार मजली बिल्डिंगांतसुद्धा, विजेचे मीटर तळमजल्यावर जिन्याजवळ असतात. त्यांच्याच शेजारी बाइक लावलेल्या. मीटरला आग लागली की जिना चिमणीसारखा धूर वर ओढतो. तुमच्या घरात काहीच पेटलेलं नसतं, तरी जिन्यात काही श्वासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. फोमच्या गाद्या जळत असतील तर त्याहून विषारी वायू असतात.

म्हणून दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावा. दार गरम नसेल तर थोडंसं उघडून जिना बघा. जिना मोकळा असेल तर लगेच निघा, लिफ्ट नको, सामान नको, आणि जाताना दार ओढून घ्या. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवतं. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबा. दार लावा, खालच्या फटीत ओली चादर कोंबा, खिडकीशी किंवा गॅलरीत जा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. सेक्टर, बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि आत किती जण आहात, एवढं सांगा. नवीन आलेल्या मुलांना स्वतःचा पूर्ण पत्ताच सांगता येत नाही, हे मी बघितलंय. तो दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. खोलीत धूर भरत असेल तर जमिनीलगत रांगा, कारण चांगली हवा खालीच असते.

घोडबंदर रोड किंवा पाम बीचकडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, ठेवलेला असतो. तो कितव्या मजल्यावर आहे ते आधीच जाऊन बघा. तिथे कुलूप किंवा लग्नाच्या खुर्च्या दिसल्या तर सेक्रेटरींना लेखी कळवा.

एमसीबी पडत नाही, म्हणजे सगळं ठीक

एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. तो पडत नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज इलेक्ट्रिशियन नसलेल्या जवळपास प्रत्येकाचा असतो. हिशोब सोपा आहे. भिंतीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला तो सुमारे १४०० वॉट झेलतो. केटल १५०० वॉटची, इस्त्री १००० ची, इंडक्शन २००० ची. आता सहा जणांचं एक एक्स्टेंशन बोर्ड डोळ्यांसमोर आणा: दोन लॅपटॉप, चार मोबाइल, आणि सकाळी त्यावरच केटल आणि इस्त्री. बोर्डाची वायर बारीक, भिंतीतली त्यापेक्षा जाड. एमसीबी भिंतीतल्या वायरीचा विचार करून बसवलेली असते. त्यामुळे बोर्डाची वायर वितळायला लागली तरी एमसीबी शांत असू शकते.

लक्षणं ओळखायला शिका. प्लग काढल्यावर पिना चटका देतात, सॉकेटभोवती पिवळट किंवा काळा डाग आहे, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास येतो, बटण दाबलं की चर्र आवाज होतो: यातलं एकही दिसलं तर तो पॉइंट बंद. टेप गुंडाळून तो दुरुस्त होत नाही, सॉकेट बदलावा लागतो. अशा ढिल्या जोडणीतूनच ठिणग्या पडतात आणि साधी एमसीबी त्या ओळखत नाही.

एमसीबी सारखी पडत असेल तर उलटी चूक होते. कुणीतरी इलेक्ट्रिशियन येतो, मोठी एमसीबी बसवतो, सगळे खूश. पण वायर जुनीच राहिलेली असते. १६ च्या जागी ३२ ची एमसीबी बसवायची असेल तर वायरही त्या भाराची हवी, नाहीतर भिंतीतच आगीची तयारी होते. योग्य मार्ग असा: केटल, इस्त्री, गिझर, इंडक्शन फक्त १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर आणि एका वेळी एकच. तेवढ्यानेही एमसीबी पडत असेल तर उपकरणात किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. एकेक प्लग काढत जा. ज्याच्या वेळी पडायची थांबेल ते उपकरण बाजूला ठेवा.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतला सॉकेट वापरू नका. टेबल फॅनवर ओले कपडे टाकून झोपणंही थांबवा.

गॅस

कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणलेला छोटा सिलिंडर घरात ठेवू नका. त्याचा व्हॉल्व्ह कुणी तपासलेला नसतो. गॅस कंपन्यांचा अधिकृत ५ किलोचा सिलिंडर मिळतो, तो घ्या. सिलिंडर नेहमी उभा, कपाटात कोंडलेला नको. शेगडीची नळी आयएसआय छापाची असावी, तिच्यावरची तारीख बघा आणि पाच वर्षांनी बदला.

वास आला तर दिवा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका. पंखा, डोअरबेल, मोबाइल, काही नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवर साचतो, म्हणून दार उघडणं महत्त्वाचं. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जमतो, तिथे वरच्या खिडक्या उघडा आणि शेगडीआधीचा व्हॉल्व्ह बंद करा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. झाकण ठेवा, गॅस बंद करा, कढई जागची हलवू नका.

उशाशी चार्जिंग, कॉटखाली कॉइल

खाडीकाठच्या डासांनी इथल्या मुलांची झोप उडवलेली असते, हे खरं. तरी कॉइल कॉटखाली नको, पडदा आणि मच्छरदाणीपासून लांब, स्टीलच्या ताटलीत हवी. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. फुगलेली पॉवर बँक वापरू नका. डिलिव्हरीचं काम करणारी मुलं ई-बाइकची बॅटरी वर आणतात. ती रात्रभर मुख्य दाराशी चार्जिंगला लावणं फार धोक्याचं आहे, कारण पेटली तर रस्ताच बंद होतो. मूळ चार्जर वापरा, जागे असताना चार्ज करा आणि दारापासून लांब ठेवा.

भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर आहे की!

आहे, पण काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? पिन जागेवर आहे का? सर्व्हिसिंगची तारीख उलटली का? घरासाठी एबीसी पावडरचा ठीक. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाकडे धरायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायची. लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. म्हणून आग बादलीएवढी असेल आणि तुमच्या पाठीमागे दार मोकळं असेल तरच प्रयत्न करा, नाहीतर निघा.

माझ्या मते त्याहून जास्त उपयोगाचा आहे बॅटरीवर चालणारा धुराचा डिटेक्टर. झोपलेल्या माणसाला तो उठवतो. फोडणीने सारखा वाजतो म्हणून मुलं त्याची बॅटरीच काढून ठेवतात. तसं न करता तो स्वयंपाकघरापासून दूर, झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर छताला लावा. थोड्या थोड्या वेळाने एकच टिक वाजत असेल तर बॅटरी संपत आली आहे.

मालक ऐकत नाही

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची (प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्याची) आहे. अग्निशमन यंत्रणा असलेल्या इमारतीने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. ते बघायला मागा. अकरा महिन्यांचा करार करण्याआधीच ग्रिल, सॉकेट आणि डिटेक्टरचं काम फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. तोंडी बोलणं विसरलं जातं. तरी काही हललं नाही तर सेक्रेटरी आणि जवळचं अग्निशमन केंद्र.

आणि सोसायट्यांनाही सांगायचंय. बॅचलर म्हणून या मुलांकडे संशयाने बघितलं जातं, मॉक ड्रिलचा निरोप फक्त मालकांच्या ग्रुपवर जातो आणि मालक इथे राहतच नाही. भाडेकरू मुलांना त्या ग्रुपवर घ्या. कुठल्या फ्लॅटमध्ये किती जण झोपतात याची यादी रात्रीच्या वॉचमनकडे ठेवा आणि दर महिन्याला बदला. बंब येतो तेव्हा आत किती माणसं आहेत हे जवानांना लगेच कळावं लागतं, आणि अशा घरांबद्दल ते बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.