गाडी घेताय? आधी मागच्या सीटवर बसा

मी विम्याचा सर्व्हेअर. सातारा भागातल्या अपघाती गाड्यांचे क्लेम बघतो. त्यामुळे नात्यातलं कुणी गाडी घ्यायला निघालं की फोन मला, आणि प्रश्न ठरलेला: "दादा, फाइव्ह स्टार आहे ना ही?" अहो, पण कुणासाठी? घरच्या गाडीत मागे पोरं आणि म्हातारी माणसं बसतात. तेव्हा क्रॅश टेस्टचा अहवाल मागच्या सीटपासून वाचायला घ्या.

भारत एनकॅप म्हणजे गाड्या धडकवून स्टार देणारा आपला सरकारी कार्यक्रम; त्याचे अहवाल संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोठ्यांचे गुण ३२ पैकी, मुलांचे ४९ पैकी. पाच स्टारसाठी अनुक्रमे २७ आणि ४१ लागतात. सेल्समन पहिला आकडा सांगतो. तुम्ही दुसरा विचारा. त्या ४९ पैकी २४ प्रत्यक्ष धडकेचे, १२ चाइल्ड सीट नीट बसते का याचे आणि १३ गाडीतल्या सोयींचे. धडकेच्या वेळी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन पुतळे मागे चाइल्ड सीटमध्ये बांधलेले असतात. मांडीवर घेतलेल्या नातवाला यातला एकही गुण लागू नाही. समोरच्या धडकेत मोठ्यांचे पुतळेही फक्त पुढच्या दोन सीटवर असतात, त्यामुळे मागे बसलेल्या आजीचं काय होईल हे त्या ३२ मधून कळत नाही.

मग तारीख आणि व्हेरियंट बघा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे अशाच चाचण्या घेणाऱ्या परदेशी संस्थेने, पाच स्टार दिले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! पण मुलांसाठी तीनच स्टार होते, ४९ पैकी २५ गुण. २०२२ मध्ये नियम कडक झाले. २०२४ च्या चाचणीत नेक्सॉनला दोन्हीकडे पाच मिळाले, मुलांचे ४४.५२. नाव एकच, गाड्या दोन. २०१९ ची नेक्सॉन विकणारा तुम्हाला २०२४ चा अहवाल दाखवेल, सावध राहा.

वेगाचं थोडक्यात सांगतो. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला, बाजूची ५० ला, खांबावरची २९ ला. समृद्धीवर १२० ची मुभा आहे. त्या वेगाला धडकेतली ऊर्जा ६४ च्या साडेतीन पट होते. शिवाय समोरची चाचणी म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. म्हणून पाच स्टारची हॅचबॅक आणि पाच स्टारची भलीमोठी एसयूव्ही एका तागडीत तोलू नका.

शोरूममध्ये सनरूफ उघडझाप करून झालं की मागे बसा. मधल्या जागेचा पट्टा ओढून बघा: खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा? गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटं घाला, आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, लोखंडी आकडे हाताला लागतात. चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायला सीटच्या पाठीमागे हूक आहे का, तेही बघा. चाइल्ड सीट आधीच घेतली असेल तर सोबत न्या आणि तिथेच बसवून दाखवायला सांगा. लाजू नका, पैसे आपले आहेत. तान्ह्या बाळाची उलट्या तोंडाची सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही.

आता माझ्या धंद्यातलं. ठोकलेली गाडी आली की मी पट्टा पूर्ण बाहेर ओढतो. माणूस बांधलेला असेल तर बकलच्या जिभेपाशी पट्ट्यावर घासल्याचा चकचकीत, कडक डाग सापडतो. कित्येकदा पट्टा कोरा असतो आणि बकलमध्ये बीप बंद करायची ती स्वस्तातली क्लिप खुपसलेली. तुमच्या गाडीत ती असेल तर आजच फेकून द्या. सगळी चाचणी पट्टे लावून झालेली असते.

ॲक्सेसरीजवाल्याकडे जाण्याआधी पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूला एअरबॅगचं लेबल शिवलंय का बघा. असेल तर ती एअरबॅग सीटमधूनच फुटून बाहेर येते, त्यामुळे त्यावर घट्ट शिवलेलं साधं कव्हर चढवू नका. बाजूची शिवण एअरबॅगसाठी उसवेल अशीच बनवलेली कव्हरं मिळतात, ती घ्या. आणि पुढे लोखंडी बुलबार बसवायला सांगेल, त्याला नाही म्हणा. त्यावर २०१७ पासून बंदी आहे.