वारसावास्तूचे डिजिटल मॉडेल: मोजणीला निघण्यापूर्वीची तयारी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या जुन्या वास्तूची मोजणी करून तिचे त्रिमितीय मॉडेल तयार करू पाहणाऱ्या गटासाठी ही यादी आहे. बॅटऱ्या, पाणी, टोप्या आणि प्रथमोपचाराची पेटी यांच्यावर शब्द खर्च करत नाही.

परवानग्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. अंबरनाथचे शिवमंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची तिपाई उभी करायलाही आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती दारावर उभे राहून मिळत नाही. ड्रोनचे प्रकरण आणखी नाजूक आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक असून त्याहून जवळ परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. बेलापूरचा किल्ला नवी मुंबईच्या नव्या विमानतळापासून याहून जवळ आहे, त्यामुळे ड्रोन मिळाला नाही तर काय करायचे ते निघण्यापूर्वीच ठरवावे.

मोजणी फेब्रुवारी ते मे या काळात करावी. पाऊस सरल्यावर लगेच गेलात तर दगडाऐवजी गवत आणि वेली मोजून याल, शिवाय ओल्या काळ्या दगडावरून लेझरचे किरण नीट परतत नाहीत. खाडीकाठच्या बुरुजाचा पायथा ओहोटीलाच उघडा पडतो, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची वस्तू: नोंदवही, आणि तिच्यात ‘कशावरून?’ या शीर्षकाचा रकाना. हा रकाना मागच्या कामात आम्ही ठेवला नव्हता. तटबंदीच्या एका भागाची बाहेरची बाजू लेझरने व्यवस्थित टिपली होती. आतली बाजू मातीच्या भरावाखाली आणि पिंपळाच्या मुळांखाली गेली होती, म्हणून शेजारच्या भागाची जाडी तिथे तशीच धरली. मॉडेलमध्ये दोन्ही बाजू सारख्याच ठसठशीत रेषेत उमटल्या, आणि चुना व दगड यांचे अंदाजपत्रक त्यावरूनच निघाले. माती काढल्यावर भिंत बरीच पातळ निघाली. ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण कोणती रेषा मोजलेली आणि कोणती मानलेली हे त्याला कळण्याचा मार्गच आम्ही ठेवला नव्हता.

म्हणून प्रत्येक घटकापुढे, म्हणजे भिंत, कमान, जंगी (मारा करण्यासाठी तटात ठेवलेले छिद्र), पायरी अशा प्रत्येकापुढे, तो लेझरने मोजला, छायाचित्रांवरून काढला, टेप लावून मोजला, जुन्या नकाशावरून घेतला की अंदाजाने धरला, हे जागेवरच लिहावे आणि तारीख व मोजणाऱ्याची आद्याक्षरे टाकावीत. संध्याकाळी कार्यालयात आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नव्हे. हे खूळ माझ्या एकट्याचे नाही: वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीची २००९ ची लंडन सनद हेच सांगते, आणि २०१७ मध्ये इकोमॉस या वारसासंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीच्या सभेत मान्य झालेली, पुरातत्त्वातल्या अशाच चित्रणासाठीची सेव्हिल तत्त्वेही पुरावा आणि अनुमान वेगळे दाखवायला सांगतात. आपल्याकडे मात्र सुबक चित्र दिसले की हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नियंत्रण बिंदू, म्हणजे सगळी मोजमापे ज्यांच्याशी जुळवायची ते पक्के बिंदू, पक्क्या खडकावर घ्यावेत. गिलाव्यावर किंवा हलत्या दगडावर घेतलेला बिंदू दुरुस्तीबरोबर नाहीसा होतो, म्हणून काही बिंदू कामाच्या आवाराबाहेरही असावेत. वास्तूवर खिळा ठोकू नये, रंग लावू नये. काढता येणारी निशाणे वापरावीत. यूटीएम या मीटरांत स्थान सांगणाऱ्या जागतिक पद्धतीत हा भाग ४३ व्या पट्ट्यात येतो आणि उत्तरेचा आकडा, म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर, २१ लाख मीटरांच्या पुढे असतो. इतक्या मोठ्या आकड्यांत काही मॉडेलिंग प्रणाल्या अडखळतात, म्हणून आरंभबिंदू (जिथून अंतरे मोजायची तो शून्य बिंदू) वास्तूजवळ आणावा लागतो. तो किती सरकवला हे कागदावर लिहावे. जीपीएसची उंची ही समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. आपल्या किनाऱ्यावर दोहोंत सुमारे ६० मीटरांचा फरक पडतो, आणि खाडीच्या पाण्याच्या पातळीशी संबंध जोडायचा असेल तर हा फरक विसरून चालत नाही.

छायाचित्रे ढगाळ उजेडात, ७० ते ८० टक्के एकमेकांवर येतील अशी घ्यावीत. अंबरनाथसारख्या नक्षीदार भिंतीचे थर खालून पाहिले की कंगोऱ्यांची वरची बाजू दिसतच नाही. तिथे पडलेली भोके भरून देण्याची सोय बहुतेक प्रणाल्यांत असते आणि ती मुकाट्याने चालू असते. ती आधी बंद करावी. जे दिसले नाही ते रिकामे राहू द्यावे, आणि भरायचेच असेल तर रकान्यात ‘अंदाज’ लिहूनच भरावे.

मॉडेल करताना भिंत सरळ करू नये. चार सेंटिमीटरांचा कल ही चूक नव्हे, संवर्धन करणाऱ्याला हवी असलेली माहिती आहे. तयार साच्यातली एकसारख्या जाडीची भिंत ओढलीत की ती माहिती गेली. प्रत्येक दगड वेगळा काढण्याच्या फंदात पडू नये. जिथे दरजा (दगडांमधल्या फटी) भरायच्या किंवा दगड बदलायचे तेवढाच भाग बारकाईने करावा. नोंदवहीतला रकाना मॉडेलमधल्या प्रत्येक घटकाचा गुणधर्म म्हणून भरावा आणि अंदाजाच्या घटकांना वेगळा रंग द्यावा. छापील नकाशावरही त्यांची रेषा तुटक असावी, कारण गवंड्याच्या हाती मॉडेल नव्हे, कागद असतो.

सुपूर्द करताना पॉइंट क्लाउड (लेझरने टिपलेल्या बिंदूंचा संच) ई५७ या फाइल-प्रकारात, मॉडेल आयएफसी या फाइल-प्रकारात, नकाशे पीडीएफमध्ये आणि नोंदवहीची स्कॅन केलेली प्रत द्यावी. सर्व काही दोन डिस्कवर ठेवावे, आणि त्या दोन्ही एकाच कपाटात नकोत.