स्क्रीनची गळती पकडताना या चुका टाळा

मॉनिटरच्या केबलमधून झिरपणाऱ्या रेडिओ लहरींवरून स्क्रीन पुन्हा उभी करायला बसलेला नवखा माणूस पहिल्याच संध्याकाळी विचारतो, अँटेना मोठा घेऊ का? नका घेऊ. आधी ज्या मॉनिटरवर प्रयोग चाललाय त्याची केबल काढून बघा.

हे मी तोंडावर आपटून शिकलो. दोन रात्री जागून टेम्पेस्ट-एसडीआरमध्ये, म्हणजे पकडलेल्या लहरींतून चित्र जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चित्र मिळवलं. खिडक्यांच्या कडा, खालची पट्टी, सगळं स्थिर. मग खोलीच्या त्या टोकाच्या मॉनिटरची केबल उपटली, तरी चित्र जागच्या जागी! मी दोन रात्री माझीच स्क्रीन चोरत होतो. दोन्ही मॉनिटर 1080पी, 60 हर्ट्झचे, म्हणजे पिक्सेल क्लॉक (केबलमधून पिक्सेल जाण्याचा वेग) तोच, 148.5 मेगाहर्ट्झ, आणि माझा मॉनिटर अँटेनापासून हातभर अंतरावर. तेव्हापासून रिसिव्हरच्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडत नाही आणि समोरचं मशीन 800 बाय 600 वर ठेवतो. त्याचा क्लॉक 40 मेगाहर्ट्झ, गल्लत व्हायला जागाच नाही.

दुसरी चूक म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये 1920 बाय 1080 टाकणं. प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक फ्रेमनंतर थोडा रिकामा वेळ असतो. तो धरून आकडा होतो 2200 बाय 1125. त्याला 60 ने गुणा, 148.5 मेगाहर्ट्झ बरोब्बर येतात. आकडा चुकला की चित्र तिरकं होऊन फाटतं. आकडे बरोबर असूनही ते हळूहळू सरकत असेल, तर रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या फ्रेम, 60 नसून 59.94 असेल. गुणाकार न करता तासभर स्लायडर ओढत बसणाऱ्यांना काय म्हणावं!

स्वस्त आरटीएल-एसडीआर डाँगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसिव्हर, सेकंदाला जेमतेम 24 लाख नमुने घेतो, म्हणजे 1080पीला एका नमुन्यात सुमारे 62 पिक्सेल. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून अँटेनाला शिव्या देऊ नका.

‘सीआरटी, म्हणजे जुने डबड्यासारखे पडदे गेले, आता कसली गळती?’ असं काही जण विचारतात. संशोधक विम व्हॅन एक यांनी 1985 मध्ये सीआरटीवरच करून दाखवलं, हे खरं. पण 2004 मध्ये संशोधक मार्कुस कून यांनी चपट्या पडद्यांवरचा मजकूरही असाच पकडून दाखवला.

रंगांची वाट बघू नका. चित्र साफ व्हावं म्हणून अनेक फ्रेमची सरासरी काढताना समोर व्हिडिओ चालू ठेवू नका. प्रयोग फक्त स्वतःच्या मशीनवर. ‘शेजारच्याचं नुसतं बघतो’ म्हणणाऱ्याला मी उत्तर देत नाही. आणि केबलवर गळती दाबणारा फेराइटचा गोळा असेल, तर पहिल्या प्रयोगाला बिनगोळ्याची साधी केबल घ्या.