सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या ध्वनिमुद्रणासाठी साउंड कार्डच्या ड्रायव्हरची जुळवणी

संगणकावर सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे वाद्याचे आवाज तयार करणारा प्रोग्राम, नव्याने वापरू लागणाऱ्यांची तक्रार बहुधा दुहेरी असते. मिडी कीबोर्डची (कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढीच माहिती म्हणजे मिडी, संगणकाला देणाऱ्या कीबोर्डची) पट्टी दाबल्यावर सूर उशिरा उमटतो, आणि तो उशीर घालवायला गेले की आवाजात कडकड सुरू होते. यात सिंथेसायझरचा दोष क्वचितच असतो. संगणकाने साउंड कार्डाशी कोणत्या ड्रायव्हरमार्फत, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत, आणि किती मोठ्या तुकड्यांनी व्यवहार करावा, हे ठरवून दिलेले नसल्यामुळे ही तक्रार उद्भवते. विंडोजवर ही जुळवणी कशी करावी, ते येथे मांडले आहे. उदाहरणासाठी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि सर्ज एक्सटी हा विनामूल्य सिंथेसायझर घेतला आहे. क्यूबेस किंवा एफएल स्टुडिओ वापरणाऱ्यांना मेनूची नावे वेगळी दिसतील, परंतु कामाचा क्रम तोच राहील.

प्रथम बफर समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत. सॉफ्टवेअर सिंथेसायझरचा आवाज मायक्रोफोनमधून येत नाही. प्रोसेसर तो आकडेमोड करून तयार करतो आणि ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साउंड कार्डाच्या हवाली करतो. हा तुकडा म्हणजेच बफर. कार्ड एक तुकडा वाजवत असताना पुढचा तयार व्हावा लागतो. तो वेळेत झाला नाही, तर आवाजात खंड पडतो आणि तोच आपल्याला कडकड म्हणून ऐकू येतो. सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांची (सॅम्पलची) दर सेकंदाची संख्या, ४८,००० असेल, तर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा, २५६चा ५.३, ५१२चा १०.७ आणि १०२४चा २१.३ मिलिसेकंदांचा होतो. ड्रायव्हर, यूएसबी आणि कार्डातील रूपांतरण यांचा वेळ त्यात मिळवावा लागतो, म्हणून हाताला जाणवणारा विलंब या आकड्यांपेक्षा नेहमी थोडा जास्तच असतो. एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आसपास असला, तर बहुतेक वादकांना तो खटकत नाही. जलद लयीचे वादन करणाऱ्याला मात्र तेवढाही खटकू शकतो.

आता ड्रायव्हर. विंडोजमधील एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने मार्ग सर्वसाधारण वापरासाठी आहेत. त्यांतून जाणारा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून फिरून येतो आणि उशीर वाढतो, म्हणून वाजवण्यासाठी ते निवडू नयेत. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आणलेला आसिओ हा मार्ग तो मिक्सर टाळून कार्डाशी थेट व्यवहार करतो. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने वासापी हा मार्गही दिला आहे आणि त्याचा एक्स्क्लुझिव्ह प्रकार मिक्सरला वगळतो. आपल्याकडे स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचे साउंड कार्ड) असेल, तर त्याच्या उत्पादकाने दिलेला आसिओ ड्रायव्हर त्याच्याच संकेतस्थळावरून घेऊन बसवावा आणि अन्य पर्यायांच्या मागे लागू नये. लॅपटॉपचे अंगभूत कार्डच वापरायचे असेल, तर आधी वासापी एक्स्क्लुझिव्ह वापरून पाहावा आणि त्याने भागले नाही, तरच आसिओ फोर ऑल हा विनामूल्य ड्रायव्हर बसवावा. आसिओ फोर ऑल हे कार्डाचे स्वतःचे ड्रायव्हर नाही. विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर चढवलेले ते एक आवरण आहे, आणि त्यामुळे त्याचे यश खालच्या ड्रायव्हरच्या गुणवत्तेवर ठरते.

रीपरमध्ये ऑप्शन्स मेनूतून प्रेफरन्सेस उघडावे आणि ऑडिओ विभागातील डिव्हाइस या पानावर जावे. ऑडिओ सिस्टीमसमोर आसिओ निवडावे, त्याखाली आपला ड्रायव्हर निवडावा, आणि आसिओ कॉन्फिगरेशनच्या बटणावरून ड्रायव्हरची स्वतःची खिडकी उघडून बफर तिथेच ठरवावा. सुरुवात २५६ने करावी. आसिओ फोर ऑलच्या खिडकीत डावीकडे उपकरणांची यादी दिसते. जे कार्ड वापरायचे आहे तेवढेच चालू ठेवून वेबकॅमचा मायक्रोफोन, एचडीएमआय इत्यादी बाकीची उपकरणे बंद करावीत. आपले कार्ड तिथे उपलब्ध दिसत नसेल, तर ते बहुधा ब्राउझरने किंवा एखाद्या प्लेअरने धरून ठेवलेले असते. ते प्रोग्राम बंद करून खिडकी पुन्हा उघडावी.

सॅम्पल रेट सर्वत्र एकच असावा, याविषयी कसलीही ढिलाई नको. चित्रफितीसाठी काम करायचे असेल तर ४८,०००, आणि सीडीसाठी ४४,१०० घ्यावा. तोच आकडा रीपरच्या प्रकल्पात, ड्रायव्हरमध्ये आणि विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील साउंड विभागात, आपल्या उपकरणाच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर असावा. ४४,१००ने मुद्रित केलेला आवाज चुकून ४८,०००ने वाजवला गेला, तर तो सुमारे दीड सेमीटोन चढतो. पांढरी एकची पट्टी काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या दिशेने सरकते आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. साथीला गायक असेल, तर हा घोटाळा पुढे निस्तरणे फार त्रासाचे होते. त्याच पानावर प्रोग्रामला उपकरणाचा एकट्याने ताबा घेऊ देण्याची जी परवानगी आहे, ती वासापी एक्स्क्लुझिव्हसाठी चालू असावी लागते.

यानंतर खरी परीक्षा घ्यावी. सर्ज एक्सटीमधील लांब रेंगाळणारा, जड असा पॅडचा आवाज निवडून दोन्ही हातांनी भरगच्च स्वरसंघात वाजवावेत आणि रीपरच्या व्ह्यू मेनूतील परफॉर्मन्स मीटर उघडून आरटी सीपीयूच्या, म्हणजे आवाज वेळेत तयार करताना प्रोसेसरवर पडणाऱ्या भाराच्या, आकड्यावर लक्ष ठेवावे. तो आकडा चढत जाऊन कडकड होत असेल, तर बफर ५१२ करावा किंवा सिंथेसायझरमधील एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची मर्यादा कमी करावी. आकडा कमी असूनही कडकड होत असेल, तर कारण वेगळे आहे: एखादा दुसराच ड्रायव्हर, बहुधा वायफायचा, प्रोसेसरला अडवून धरत असतो. वायफाय बंद करून पाहावे, लॅपटॉप चार्जरवर ठेवून पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करावा, इंटरफेस हबऐवजी थेट यूएसबी पोर्टला जोडावा, आणि तरीही दोष सापडला नाही तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवून नेमका कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते पाहावे. इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरचे बटण येथे उपयोगी पडत नाही. ते फक्त मायक्रोफोन किंवा गिटारसारखा बाहेरून येणारा आवाज थेट कानांपर्यंत पोहोचवते. सिंथेसायझरचा आवाज तर संगणकाच्या आतच जन्माला येतो.

याच कारणाने एक मोठी सोय मिळते, आणि तिचा लाभ न घेणे हे मला नुकसानीचे वाटते. लहान बफर फक्त वाजवताना लागतो. त्याचा आवाजाच्या दर्जाशी संबंध नाही. म्हणून वाजवताना केवळ मिडी मुद्रित करावे, ते तपासून, सुधारून घ्यावे, मग बफर निर्धास्तपणे १०२४ करून मिश्रणाला बसावे. अंतिम फाइल ऑफलाइन रेंडर करावी, म्हणजे न वाजवता थेट तयार करून घ्यावी. ऑफलाइन रेंडरमध्ये साउंड कार्डाचा सहभागच नसतो आणि प्रोसेसर आपला वेळ घेऊन प्रत्येक सॅम्पल पूर्ण काढतो, त्यामुळे बफरच्या तुटवड्याची कडकड फाइलमध्ये येत नाही. यालाही एक अपवाद आहे. मुक्त धावणारे ऑसिलेटर (पट्टी दाबल्यावर पुन्हा आरंभापासून सुरू न होणारे ध्वनिनिर्माते) किंवा यादृच्छिक मॉड्युलेशन (आवाजात आपोआप होणारे अनियमित बदल) असलेला आवाज प्रत्येक रेंडरमध्ये थोडा वेगळा निघतो. वाजवताना जो विशिष्ट आवाज साधला तोच हवा असेल, तर ट्रॅकच्या रेकॉर्ड पर्यायांत इनपुटऐवजी आउटपुट निवडून तो वाजवतानाच ऑडिओ म्हणून मुद्रित करावा.

काही सिंथेसायझर प्लगइन म्हणून, म्हणजे रीपरसारख्या सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या रूपात, मिळत नाहीत, स्वतंत्र प्रोग्राम म्हणूनच चालतात. त्यांच्यासाठी ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये होस्ट म्हणून विंडोज वासापी आणि रेकॉर्डिंग उपकरण म्हणून आपल्या स्पीकरचा लूपबॅक (स्पीकरकडे जाणारा आवाज परत टिपण्याचा मार्ग) निवडावा. हा मार्ग विंडोजच्या मिक्सरमधून जाणारा सगळाच आवाज टिपतो, त्यामुळे सूचनांचे आवाज आधी बंद करावेत, आणि सिंथेसायझरचे आउटपुट आसिओऐवजी विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर ठेवावे, अन्यथा लूपबॅकला काहीच ऐकू येणार नाही. इंटरफेसच्या ड्रायव्हरमध्येच लूपबॅकची सोय असेल, तर मात्र आसिओ सोडण्याची गरज पडत नाही.