पाकिटावरचा फोटो बघून ढोबळी मिरची लावू नका

एप्रिल उजाडला की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात कुणी ना कुणी मला गच्चीवर ओढून नेतं. "काका, झाड बघा कसं तरारलंय, पण मिरची एक नाही!" मी एवढंच विचारतो, बी कधी टाकलं? उत्तर ठरलेलं: संक्रांत झाल्यावर. आणि वाण कुठलं? पिवळं, फोटोत छान दिसत होतं म्हणून.

हसायला मला तोंड नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. पॉलीहाउससाठी, म्हणजे प्लॅस्टिकच्या बंदिस्त शेडसाठी काढलेलं पिवळं संकरित बी, मोजून दहा दाणे, किंमत सांगितली तर हिनं घराबाहेर काढलं असतं. झाडं कमरेएवढी झाली, एप्रिलच्या मध्यावर फुलं आली आणि रोज सकाळी कुंडीभोवती गळालेल्या फुलांचा सडा. मी डीएपी खत घातलं, मग शेण-गोमूत्राचं जीवामृत, मग दुकानदारानं गळ्यात मारलेलं टॉनिक. शेवटी दोन फळं धरली. एकावर उन्हानं पांढरा चट्टा पडला, दुसरं पिवळं व्हायला लागलं त्याच दिवशी खारीनं पोखरलं.

खताचा काही संबंध नव्हता. दिवसा पारा बत्तीसच्या वर गेला आणि रात्रही उकाड्याची राहिली की ढोबळीचा पराग निकामी होतो, फूल गळतं. आपल्या इंदूरला एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या आसपास. त्यात पॉलीहाउसचं वाण उंच वाढतं, दोऱ्या बांधून दोन फांद्यांवर वाढवायचं असतं. गच्चीवर ते लाड कोण करणार? म्हणून बी राखीपासून गणपतीपर्यंत ट्रेमध्ये टाका, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या निघायच्या आत. नवरात्राच्या सुमारास रोपं कुंडीत गेली की दिवाळीनंतर तोडे सुरू. पौषातल्या थंड रात्रीत धरलेली फळं बारकी, वेडीवाकडी निघतात, त्याला घाबरू नका.

रंगाचा हट्टही सोडा. हिरवी ढोबळी लाल-पिवळी व्हायला आणखी तीन-चार आठवडे झाडावर राहते आणि तेवढे दिवस झाड नवी फळं धरायला कुचराई करतं. भाजी भरपूर हवी असेल तर हिरवी असतानाच तोडा.

मी काय लावतो? कॅलिफोर्निया वंडर, १९२८ पासून चालत आलेलं साधं अमेरिकन वाण, आणि बंगळूरुच्या बागवानी संशोधन संस्थेचं अर्का गौरव, जे झाड कोमेजवणाऱ्या मर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पीठ पेरून करायच्या भाजीला अर्का बसंत: निमुळती, फिकट दुधी रंगाची, लहान फळं. फळ मोठं म्हणजे उत्पन्न मोठं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा कुंडीत लहान फळाचं वाण लावून तोडे मोजावेत.

बाजारातल्या हिरव्या ढोबळीचं बी पेरू नका. ते कच्चं असतं. लाल-पिवळ्याचं उगवेल, पण ते बहुधा संकरित, पुढची पिढी आईवर जाईलच असं नाही.

शेजारी लवंगी लावल्यानं यंदाची ढोबळी तिखट होत नाही, हे मी वाड्यातल्या सगळ्या वहिनींना सांगून थकलो. दोन्ही एकाच जातीच्या, त्यामुळे परागाची देवघेव होते खरी, पण तिचा परिणाम त्या फळातल्या बीत. ते बी पुढच्या वर्षी पेरलंत तर मात्र जिभेला चटका बसू शकतो. बी धरायचं असेल तर एक फांदी फुलं उमलायच्या आधी जाळीच्या पिशवीत बांधून ठेवतो.

बारा इंचांहून लहान कुंडी नको. नुसती काळी माती तर मुळीच नको, पाणी धरून मूळ कुजवते. मी निम्मं शेणखत आणि थोडी वाळू मिसळतो. पहिलं फूल, फांदी दुभागते तिथलं, खुडून टाका. नवशिक्यांना हेच जिवावर येतं.

आणि मार्चनंतर झाड हिरवं दिसतंय म्हणून पाणी घालत बसू नका. पाडवा झाला की मी उपटून टाकतो आणि त्याच कुंड्यांत गवार टोचतो. त्यावर हिची दरवर्षी कुरकुर असते.